आठवणीची प्रत

हेमांगी मोरजकर कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. जामिनावर सुटलेला अरविंद खोत तिच्यासमोरून जाता जाता हळूच म्हणाला, "त्या दिवशी तू मनातल्या मनात आईला हाका मारत होतीस. तेव्हा मला कळलंच नव्हतं. आता रोज ऐकतो."

हेमांगीला शिसारी आली. त्याने केलेला अत्याचार चारचौघांत तोंडाने सांगावा लागू नये, म्हणून तिने आठवणी उतरवून घेणाऱ्या यंत्राखाली बसून ती आठवणच कोर्टाच्या हवाली केली होती. तिची भीती, तिचा थरकाप, सगळं त्यात जसंच्या तसं उतरलं होतं.

तिने सरकारी वकील सोनटक्केबाईंना गाठलं. "माझी आठवण त्याच्याकडे कशी गेली?"

"पुराव्याची प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे," बाई ओशाळून म्हणाल्या.

"आणि माझा हक्क?"

"तुम्ही तोंडी साक्ष दिलीत तर यंत्राची नोंद बाद होते, प्रतही काढून घेता येते. पण मग भर कोर्टात सगळं सांगावं लागेल. त्याच्यादेखत."

"सांगते."

न्यायाधीशांनी विनंती मान्य केली. शिपायाने खोतच्या कानामागची, ती प्रत ऐकवणारी चकती काढून घेतली, तेव्हा जेवताना कुणी पुढ्यातलं ताट ओढून न्यावं तसा त्याचा चेहरा झाला. ते हेमांगीने पाहिलं. ओढणीने तोंड पुसून ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि पहिल्यापासून सांगू लागली.