मधल्या सुट्टीतला फोन

"नववी अ डावीकडे, ब उजवीकडे," शिपाई सभागृहाच्या दारातूनच पालकांना वाटेला लावत होता. जहाजावरचा इंजिनियर मधोमध अडकला. लेक नववीत गेली एवढं त्याला माहीत होतं. अ की ब, ते बायकोला विचारायचं राहून गेलं होतं, आणि ती आता हॉस्पिटलात ड्युटीवर होती. मागच्या बाईंची पर्स कोपराला लागली तसा तो उजवीकडे सरकला.

"फक्त बसायचं आणि ऐकायचं," बायकोनं निघताना बजावलं होतं. "दुरुस्त्या सुचवायच्या नाहीत."

बसणं कुठलं! पाय एका जागी ठरत नव्हता. सकाळी दाढी करताना कंपनीचा फोन आला होता. सुट्टी आवरती घ्या, गुरुवारी निघायचंय. घरात त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगू संध्याकाळी, नाहीतर उद्या बायकोच्या कानावर घालू. लेकीला सांगायचा प्रश्नच नव्हता. निरोपाची रडारड त्याला झेपत नसे. ती शाळेत असताना गाडी बोलवायची आणि निघायचं, हा त्याचा दरवेळचा शिरस्ता. सगळ्यांनाच सोपं पडतं, असं तो म्हणायचा.

व्यासपीठावर मुख्याध्यापिका नव्या सत्रातलं एकेक सांगत होत्या. प्रयोगशाळेला रंग दिलाय. घंटा झाली की फाटक बंद, मग कितीही गयावया करा.

"आणि ऑफिसचा फोन यापुढे मुलांना मिळणार नाही. डबा विसरला, वही विसरली, की लाव घरी फोन! एकदोनदा उपाशी राहिली की आपोआप लक्षात राहील."

पालक हसले. तोही हसला.

सभा आटोपल्यावर ब तुकडीच्या वर्गशिक्षिकेपुढे रांग लागली. त्याची पाळी आली.

"मी खारूचा..." त्यानं जीभ चावली आणि लेकीचं शाळेतलं नाव सांगितलं. तुकडी बरोबर निघाली.

बाईंचा चेहरा फुलला. "खारू! हे तर मामानं ठेवलेलं नाव, म्हणजे तुम्ही मामा! आठवीलाही मीच होते तिला. सारखं मामा असा नि मामा तसा चालू असतं."

त्यानं खुलासा करायला तोंड उघडलं.

"बरं झालं तुम्हीच आलात," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तिच्या बाबांसमोर बोलणं जड गेलं असतं."

उघडलेलं तोंड त्यानं मिटलं.

"फोनचं ऐकलंत ना आत्ता? वर्गात सगळ्यात जास्त फोन हिचे. एरवी नाही हं. एरवी महिनोन्‌महिने ऑफिसकडे फिरकत नाही. पण बाबा सुट्टीवर आले, की मधल्या सुट्टीत रोज हजर. म्हणते, डबा विसरलाय. अहो, डबा हातात असतो तिच्या! घरचा नंबर फिरवते, पलीकडून हॅलो आलं की ठेवून देते. एकदा बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, बाबा आहेत की गेले, तेवढंच बघते."

दुपारचे ते मुके फोन. त्यानंच उचलले होते. हॅलो, हॅलो करून कंटाळला होता, एकदा तर ओरडलाही होता, "काम ना धंदा! ठेव!" आणि ते ओरडणं ऐकून पलीकडे कुणाचा तरी जीव भांड्यात पडत होता.

"तुम्ही सांगा तिच्या बाबांना," बाई म्हणाल्या. "निघायचा दिवस पोरीला आधी कळू दे म्हणावं. आता तर तो फोनही गेला."

"बाई," तो म्हणाला, "मी मामा नाही."

रांगेत मागे कुणीतरी घसा खाकरला. बाईंनी एकदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"मग इथे काय करताय?" त्या हळूच म्हणाल्या. "वर जा. जिन्यालगतचा पहिला वर्ग. तास चालू आहे, पण मी पाठवलंय म्हणून सांगा."

इंजिनरूमच्या उभ्या शिड्या दिवसभर चढणारा माणूस, पण त्या जिन्यावर त्याला धाप लागली. दारातून आत डोकावला. फळ्यापाशी उभ्या सरांनी काही विचारायच्या आतच लेक बाकावरून उठली आणि बाहेर आली. हातात पेन तसंच. चेहरा पांढराफटक.

"आत्ताच निघालास?"

"नाही गं," तो म्हणाला. "गुरुवारी. दुपारी."

खरं बोलतोय की नाही, ते ती त्याच्या तोंडावर शोधत राहिली.

"आईला माहितीये?"

"नाही. आधी तुलाच."

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आत पोरी खुसपुसायला लागल्या होत्या.

"मग गुरुवारी मी शाळेत येणार नाही," ती म्हणाली. "आणि आता जा ना बाबा, सगळे बघताहेत."

तो जिना उतरायला लागला. वळणावर मान वर करून पाहिलं, तर ती वर्गात गेलीच नव्हती. कठड्याला धरून उभी होती, त्याला जाताना बघत.