डावी बाजू

कॅप्टन गोदेनचा डावा डोळा लढाईत गेला होता. त्यामुळे पदकावर त्याची उजवी बाजूच यायला हवी, असं त्याच्या आईने पुन्हापुन्हा बजावलं होतं.

एव्हारिस्तचा हात पदकं कोरण्यात मुरलेला. पोलादी ठशात चेहरा उलटा कोरला, तरच पदकावर तो सुलटा उठतो. म्हणून तो समोरच्या माणसाला नेहमी आरशात बघून कोरायचा. नेमका त्याच आठवड्यात बायकोने तो आरसा भाचीच्या लग्नासाठी लियोंला नेला.

"चाळीस वर्षं झाली, अजून आरसा लागतो होय?" जाता जाता ती म्हणाली.

ते त्याला चांगलंच झोंबलं. त्याने कॅप्टनकडे सरळ बघूनच ठसा पुरा केला.

पदक छापून हातात आलं, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. कॅप्टनचं तोंड भलतीकडे वळलं होतं. उजवी बाजू उलटून पदकावर डावी झाली होती, आणि तिच्यावर टक्क उघडा, धडधाकट डोळा!

तो तसाच कॅप्टनच्या आईकडे गेला. "चूक माझीच आहे, मादाम. नवा ठसा कोरून देतो."

म्हातारी पदक घेऊन खिडकीशी गेली. उजेडात धरून ते न्याहाळत राहिली. एवढं काय बघतेय ही, म्हणून एव्हारिस्तही मान उंचावून बघू लागला.

"आई, बघू तरी. कोण दिसतंय त्यात?" कॅप्टनने विचारलं.

"लढाईवर गेला होता ना, तो," ती म्हणाली. "आज आला बघ."