किटलीतला रस्सा

क्लेमेंटिना किटली घेऊन आली आणि पानावर बसलेल्या तिच्या सासऱ्यांचा, इनासबाबांचा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

“नाताळाला पन काढाच?” ते गरजले. “मग उचल माजा पान. मी चाललो थोरल्या भावाकडं. तिथं टोपातला रस्सा तरी मिलंल.”

दीड महिना त्या किटलीतून त्यांच्या घशात काढाच उतरला होता. पोटात कळ उठून ते आडवे झाले, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरने बजावलं होतं की चरबी पोटात गेली तर दुखणं पुन्हा उलटेल. आणि त्यांच्या कोलशेत गावात नाताळ म्हणजे भाजलेलं बदक, झाकणावर निखारे ठेवलेला टोप आणि बदकाखाली सुटलेला तांबूस रस्सा, वर बोटभर चरबीसकट. बदकाचं मांस कातडी सोलून देता आलं असतं, पण रस्स्याला सोलायचं कसं?

“काढा नाय, बाबा. रस्साच हाय,” क्लेमेंटिना म्हणाली.

सासूबाईंनी, लुसीने, कपाळावर क्रूस केला. बाबांना सोसेल असा रस्सा करायची जबाबदारी सुनेने आपणहून अंगावर घेतली होती. रस्सा बेचव लागला तर म्हातारा भावाच्या घरी जाऊन ताव मारणार, आणि त्यातून चरबी पोटात गेली तर पुन्हा अंथरूण धरणार. काही झालं तरी खापर सुनेच्याच डोक्यावर फुटणार होतं.

युक्ती मात्र तिला म्हाताऱ्याच्या शिव्यांनीच सुचवली होती. काढा ओतला की तळचा गाळ सगळ्यात आधी पेल्यात पडे आणि बाबा किटली घडवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. का, तर तिची तोटी अगदी बुडापासून निघालेली. मग चरबीखालचा रस्साही तसाच आधी यायचा की! तिने किटली राखेने आणि चिंचेने घासून लख्ख केली. निखाऱ्यात भाजलेला कांदा लोण्यासारखा वाटला, टोपातल्या रसात मिरी आणि ताडीच्या आंबट शिरक्याबरोबर उकळला आणि सगळं किटलीत ओतून चुलीच्या कडेला ठेवून दिलं. चरबी वर गेली, रस्सा खाली राहिला.

आता तिने किटली वाकवली. भातावर दाट, तांबूस धार पडू लागली. क्लेमेंटिना डोळ्यांत तेल घालून धारेकडे पाहत होती. तोटीच्या टोकाशी पहिला सोनेरी थेंब डोकावला आणि तिने किटली झटकन सरळ केली.

बाबांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग तिसरा. पान चाटूनपुसून साफ झालं तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

“वाढ आनखी.”

“संपला, बाबा.”

“खोटा नको बोलू. किटली तर जड दिसते.” त्यांनी ती हिसकावून झाकण उघडलं. आत घरातल्या साऱ्या दिव्यांना पुरेल इतकी चरबी तरंगत होती. क्लेमेंटिनाचा जीव टांगणीला लागला.

“अरे लिओ,” बाबा मुलाला म्हणाले, “तुज्या बायकोनी चरबी उतरवली रे!”

“तुमची उतरवाला दीड म्हयना लागला,” लिओ म्हणाला, “बदकाची एका सकालीच उतरली.”

सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसले. हसता हसता त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि तो तिथेच थबकला. मिशी ठणठणीत कोरडी! नाताळचं जेवण झालं की गावातले पुरुष वेशीवरच्या क्रुसाजवळ जमत. येताना हात सगळे धूत, मिशी मात्र कुणी पुसत नसे. ज्याची मिशी चकाकली त्याच्या घरी सण झाला. कोरड्या मिशीने गेलं की अख्खा गाव म्हणणार, बिचाऱ्या इनासला नाताळालाही पेजच मिळाली!

बाबांचं बोट किटलीत गेलं. लुसी किंचाळली. क्लेमेंटिनाने पुढे होऊन हात धरायला पाहिलं, पण बोट तोंडाकडे वळलंच नाही. ते उजव्या मिशीवरून फिरलं, मग डाव्या. दोन्ही टोकांना पीळ देऊन बाबांनी टोपी चढवली आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच काठी न घेता ते उंबऱ्याबाहेर पडले.

क्लेमेंटिनाला इतका आनंद झाला की हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. लुसी मात्र दारापर्यंत धावत गेली.

“अवो,” ती मागून ओरडली, “जीभ भाईर काडू नका हां!”