चार देशांचे तज्ज्ञ आणि भिकन

"टायरना तुकडा?" भिकननं विचारलं. "समुद्रमा?"

"हो काका. टायरचे तुकडे, दोरखंडाच्या गाठी, रबरी गोळे. सगळं दाबानं त्या फुटलेल्या विहिरीत सारलं," तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून हेमराज म्हणाला. "सगळं परत वर आलं."

"येवानंच व्हतं," भिकन म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

ब्राह्मणपुरीच्या तंटामुक्ती समितीची बैठक चालू होती, आणि तंटा समुद्राचा नव्हता. तो नथ्थूचा होता. सव्वा महिन्यापूर्वी त्याच्या चुलतभावानं, म्हणजे या भिकननं, दोघांच्या शेतांमधल्या बांधापासून वीस फुटांवर नवी बोअर मारली. नथ्थूच्या बोअरपेक्षा शंभर फूट जास्त खोल. त्याच आठवड्यात नथ्थूची बोअर आटली. भिकनचं म्हणणं एकच, दोन्हींचे झरे वेगळे. हे त्यानं ग्रामसभेत सांगितलं, तलाठ्याला सांगितलं आणि कानबाईची शपथ घेऊनही सांगितलं. महिनाभर नथ्थूनं उसन्या पाण्यावर केळी जगवली. आता ते पाणीही संपलं होतं. घड अर्धे भरले होते, आणि आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर बाग आडवी होणार होती. आरोप खरा ठरला तर भिकननं आठवड्यातले तीन दिवस पाणी द्यायचं, नाही ठरला तर विषय कायमचा बंद, असं दोघांनी सही करून मान्य केलं होतं.

साक्षीदार एकच, नथ्थूचा मुलगा हेमराज. तो इंजिनिअर. भर समुद्रात, दीड किलोमीटर पाण्याखाली तेलाची विहीर फुटली होती, आणि ती बंद करणाऱ्या जहाजावर तो जड चिखल कालवायच्या कामावर होता. पोरगा चार वर्षं शिकून चिखल कालवतो, हे नथ्थूनं सोयऱ्यांना अजून कळू दिलं नव्हतं.

साक्ष सुरू झाली, पण समितीला समुद्राचंच कौतुक. हेमराजही, कामकाज सरकारी म्हणून, शुद्ध मराठीत सांगत होता. आधी लोखंडाचं घराएवढं झाकण खाली सोडलं. त्यात बर्फ साचला, झाकण बसेना.

"बर्फ?" त्याची आई दगूबाई दारातून ओरडली. "स्वेटर शे का रे तुन्हाकडे?"

मग जड चिखल सोडला. विहिरीनं तो पिचकारीसारखा परत फेकला.

"वरथून सोडा व्हई," भिकन म्हणाला. गावात आजवर सतरा बोअर झाल्या होत्या आणि सतराही ठिकाणी भिकन उभा होता. बोअरच्या गाडीवाल्याला गाडी कुठं लावायची हे तोच सांगे. मशीन कशी चालवायची हेही तोच सांगे.

समितीचे अध्यक्ष अजीजभाई. शहाद्याला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दोन्ही भावांच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडेच येत, त्यामुळे त्यांच्या निष्पक्षपणाबद्दल गावाला शंका नव्हती. त्यांनी पेन उघडलं.

"मुद्दानं बोल, बेटा. भिकनभाऊनी बोरमुळे तुन्हा बापनी बोर आटनी, हाई खरं का खोटं?"

"चाचा, जमिनीखालचं तपासल्याशिवाय मी कसं सांगणार? मी इंजिनिअर आहे."

नथ्थूनं मोबाइलकडे असं पाहिलं, की याला शाळेत घालायलाच नको होतं.

अजीजभाई लिहू लागले. तेवढ्यात दगूबाईनं विचारलं, "मंग तुन्ही ती इहीर बंद कशी व्हई रे भाऊ?"

"आता शेजारी दुसरी विहीर खोदतोय, आई. तिच्यामुळे पहिली बंद होईल."

नथ्थू उभा राहिला.

"शेजारी? परत सांग!"

"शेजारी, आबा. पहिलीइतकीच खोल. पण ती तळाशी जाऊन पहिलीला मिळते, मग तिच्यातून आम्ही चिखल..."

"चिखलनं ऱ्हाऊ दे!" नथ्थू समितीकडे वळला. "ऐकं का अजीजभाई? शेजारी दुसरी मारी, का पहिली बंद! मी सव्वा महिना दुसरं काय सांगी ऱ्हायनू?"

भिकन मुळीच डगमगला नाही. "ते तेलनं शे, नथ्थूभाऊ. आपलं पानीनं शे. तेलना कायदा पानीले लागस का?"

अजीजभाईंनी बराच वेळ विचार केला. शेवटी त्यांना ते पटलं. "आनि समुद्र आपली हद्दमा येत नही," असं म्हणून त्यांनी रजिस्टरात लिहिलं : पुरावा आढळला नाही.

नथ्थू खाली बसला. दगूबाई दारातून बाजूला झाली. भिकन उठला, त्यानं एका पायात चप्पलही घातली. शिक्क्याचं पॅड सापडत नव्हतं. ते शोधता शोधता, काहीतरी बोलायचं म्हणून अजीजभाईंनी मोबाइलला विचारलं, "कितला दिन लागतीन रे बेटा, त्या दुसरी इहीरले?"

"दोन महिने तरी, चाचा. चार देशांचे तज्ज्ञ बसलेत. याहून लवकर हे काम जगात कुणालाच जमलेलं नाही."

भिकनची दुसरी चप्पल हातातच राहिली. तो जिंकला होता. घरी जाऊन निवांत चहा पिऊ शकला असता. पण ते 'कुणालाच' त्याला सोसलं नाही.

"दोन महिना?" तो मोबाइलवर वाकून म्हणाला. "आनि चार देशना मानसं? अरे, तुन्हा बापनी बोर मी एकला मानूस, चार दिनमा बंद करी दिन्ही व्हती!"