न उगवलेले दाणे

नागपूरच्या डॉक्टरांनी जागेश्वरच्या आतड्यातून काढलेल्या कॅन्सरची गाठ तपासून सांगितलं, "अशी गाठ असलेल्या शंभरातले साठेक पेशंट पाच वर्षं काढतात." जागेश्वर बायकोसोबत परत निघाला. शहापूरला एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत सुलोचनाबाईचं अंग आंबून गेलं. कधी एकदा पाठ टेकते असं झालं होतं. पण बियाणं तपासायचं राहिलं होतं. दरवर्षी पेरणीआधी ती धानाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवी आणि चौथ्या दिवशी किती उगवले ते मोजी. आज चौथा दिवस होता. तिने मोजलं. "ब्याऐंशी उगवले. पेराले जमते." न उगवलेले दाणे ती नेहमीसारखे कोंबड्यांपुढे टाकायला निघाली, तशी नवऱ्याने तिची मूठ धरली. "राहू दे वं. यायलेबी आनखी दोन दिवस देऊन पाहू." तिने दाणे गोणपाटात ठेवले आणि थकल्या हातांनी पाणी शिंपडलं.