शून्य तक्रारी

जिन्याच्या शेवटच्या वळणावर संशोधक बाई दम खायला थांबल्या. धाप लागली होती, पण मनातून त्या खूश होत्या.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी येऊन अंघोळ घालायची, त्यांची कूस बदलायची, यासाठी सरकारने मदतनीस नेमले होते. पगार रोजचा, हजेरी रोजची, घरात पाय मात्र मनाला येईल तेव्हा. बाईंनी दारोदार हिंडून हे सगळं चव्हाट्यावर आणलं. एरवी अहवाल म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या वेळी मात्र खातं दचकून जागं झालं आणि खोटी हजेरी लावणाऱ्यांना त्याने तडकाफडकी घरी बसवलं. तेव्हापासून या भागातून एकही तक्रार आली नव्हती. हीच पद्धत सगळीकडे लागू करा, अशी शिफारस बाई उद्या खात्यापुढे मांडणार होत्या. त्याआधी एखादं सुखी घर डोळ्यांनी पाहावं, म्हणून ही पायपीट.

दार आजींनी उघडलं. मदतनिसाचं गाऱ्हाणं गेल्या वेळी सर्वांत आधी त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी बाईंना ओळखलं, पण बसा म्हटलं नाही. बरी वेळेवर आलीस, म्हणाल्या, आणि हाताला धरून आत नेलं.

आतल्या खोलीत आजोबा अर्धवट वळलेल्या अवस्थेत अडकून पडले होते. खालची चादर ओली होती. बाईंनी पिशवी ठेवली, बाह्या सारल्या. मी उचलायला जड असलो तरी पोसायला हलका आहे, असं म्हणून आजोबा हसले. दोघींनी मिळून त्यांना कुशीवर केलं, तेव्हा पाठीवरची जखम दिसली. तळहाताएवढी, ओली. गेल्या वेळी ती नव्हती.

नवी मदतनीस कधी येते, असं त्यांनी कसंबसं विचारलं. आजींनी सांगितलं की कुणीच येत नाही. जुनीला काढलं, तिच्या जागी कुणाला नेमलंच नाही. ती कामचोर होती खरी, पण आठवड्यातून दोनदा तरी यायची.

"मग तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

"कचेरीत गेले होते की. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आधी मदतनिसाचं नाव सांगा, त्याशिवाय तक्रार घेता येत नाही. येतच नाही तिचं नाव कुठून आणू?"

बाईंचे हात चादरीवरच थांबले. ती अट त्यांचीच होती. नाव नसेल तर जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडत नाही, असं त्यांनी अहवालात ठासून लिहिलं होतं, आणि त्यावर त्यांची पाठही थोपटली गेली होती. लाजेने त्यांना मान वर करवेना.

"आजी, तो नियम मी सुचवला होता."

आजींनी टॉवेल पिळला, आजोबांची पाठ जखमेच्या कडेकडेने हलक्या हाताने पुसली, कोरडी चादर नीट खोचली. मग पदराला हात पुसत त्या बाईंकडे वळल्या.

"जाताना तुझं पूर्ण नाव सांगून जा, बाळा. उद्या खिडकीवर तेच देते."