ग्रुपवरची तक्रार

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं मला पट्ट्यानं फोडून काढलं. मग अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली आणि पट्टा माझ्या हाती आला. मी काही देवी नाही. चहा सांडला की मीही सपकन ओढते.

मुलानं त्यांना टॅब आणून दिला. म्हणाला, "आई, डॉक्टर सांगतात, म्हाताऱ्या माणसानं नेटवर चार लोकांशी बोलत राहावं, जिवाला बरं वाटतं." ह्यांनी सकाळभर एका बोटानं टिपून घरच्या ग्रुपवर पाठवलं. मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं: "ही मला मारते. वाचवा."

संध्याकाळपर्यंत एकोणतीस नातेवाइकांनी ते वाचलं. हे टॅबवरून नजर हलवेनात. खोटं कशाला बोलू, मीही सारखी टॅबमध्ये डोकावत होते. शेवटी त्यांच्या थोरल्या बहिणीचं उत्तर आलं. नणंदबाईंना नवीन काही सुचलं नव्हतं. सुजलेलं तोंड घेऊन मी त्यांच्या दारात गेले होते, तेव्हा मला ऐकवलं तेच त्यांनी भावाला लिहिलं.



"घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. निमूट सोसावं, सवय होते."